सर्दीला लिंबू: कोमट पाण्यात, भाजून की काढ्यात?

जळगाव-धुळ्याकडे थंडी पडली की घरोघरी लिंबू चिरलं जातं. ते कसं घ्यायचं हे त्रास कुठे आहे त्यावर ठरवा. लिंबानं सर्दी हटत नाही. सर्दी झाल्यावर घेतलेल्या क जीवनसत्त्वानं ती लवकर बरी होते असं ठामपणे दिसलेलं नाही, आणि ते जीवनसत्त्वच हवं असेल तर पेरूत कितीतरी जास्त असतं. आराम पडतो तो ऊब, मध आणि पोटात जाणाऱ्या पाण्यामुळे.

घसा खवखवतोय, कोरडा खोकला आहे, तर कोमट पाणी-मध-लिंबू. पेलाभर (200 मिली) पाणी उकळा, सहज घोट घेता येईल इतकं निवू द्या, मग अर्ध्या कागदी लिंबाचा रस आणि चमचाभर मध. बहुतेकांचं चुकतं ते इथेच: उकळत्या पाण्यात लिंबू पिळतात आणि घाईनं पिऊन घसा पोळून घेतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको. मधुमेह असेल तर मध हिशेबात धरा. दिवसातून दोनदा पुरे. आम्लानं दातांची झीज होते, म्हणून नंतर साध्या पाण्यानं चूळ भरा आणि अर्धा तास ब्रश करू नका.

तोंडाला चव नसेल तर भाजलेलं लिंबू. चुलीचे निखारे असले तर उत्तम, नाहीतर तवा. आधी सुईनं चार-पाच ठिकाणी टोचा, नाहीतर आतल्या वाफेनं लिंबू फुटतं आणि रस डोळ्यात उडतो. मंद आचेवर फिरवत तीन-चार मिनिटं, सालीवर तपकिरी डाग येईपर्यंत. काळी पडली की कडवट वास रसात उतरतो. निवल्यावर चिरून मीठ-मिरपूड लावून चोखा. घसा सोलवटलेला असेल तर हे टाळा, झोंबेल. आम्लपित्तवाल्यांनी तर नकोच.

नाक चोंदलं असेल तर काढा: दोन कप पाणी, इंचभर ठेचलेलं आलं, चार मिरे, गवती चहाच्या दोन पाती, लिंबाच्या झाडाची दोन-तीन पानं. (निंबाची नव्हे! इकडे निंब म्हणजे कडुनिंब.) स्टीलच्या पातेल्यात निम्मं आटवा, गाळा, गूळ घाला, लिंबू अगदी शेवटी. चिरलेलं लिंबू सालीबियांसकट उकळलं की काढा कडू होतो, आणि मग कितीही गूळ टाका, तो सुधारत नाही.

श्वास लागला, कान ठणकला किंवा ताप तीन दिवसांवर गेला तर यातलं काहीच नको, दवाखाना गाठा.

आणि चहातच लिंबू पिळायचं असेल तर तो बिनदुधाचा करा; दुधाचा फाटतो.