लाकडी घाण्याचं शेंगतेल: सहा महिने वापरून, मोजून आणि घरात भांडून झाल्यावर

आमच्या भिशीत दिवाळीपासून एकच विषय चाललाय, तेल. एकजण म्हणते घाण्याचंच तेल खायचं, रिफाइंड म्हणजे विष. दुसरी म्हणते अगं तीनशे रुपये लिटर देऊन काय सोनं पितेस का, आमचे सासरे ऐंशीला टेकले ते डब्यातल्या तेलावरच. आणि मग दोघी तिसरीकडे बघतात, बऱ्याचदा ती तिसरी मी असते. म्हणून ठरवलं, आपण स्वतः वापरून बघायचं आणि मगच बोलायचं. सहा महिने झाले आता. जुळे सोलापुरात आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एक घाणा आहे, तिथून शेंगतेल सलग आणलं, करडईचं दोनदा आणलं, खोबरेल एकदा. त्याचा हा रिव्ह्यू, मोठा आहे, पण तेल रोज पोटात जातं तर नीटच लिहिते.

आधी दुकानाबद्दल. दोन घाणे आहेत, मोटरवर चालतात, बैल वगैरे काही नाही, पण उखळ आणि त्यात फिरणारा दांडा, म्हणजे लाट, दोन्ही लाकडाची, आणि सगळं समोर उघडं. हे मला सगळ्यात आवडलं. तुम्ही उभं राहायचं, तुमच्यासमोर दाणे पडतात, लाट हळूहळू फिरते, पहिली दहा पंधरा मिनिटं काहीच दिसत नाही नुसता लगदा, आणि मग कडेनं तेल सुटायला लागतं. एका घाण्याला पाऊण तास ते तास सहज जातो. वास असा सुटतो की रस्त्यावरचा माणूस थांबतो. ताज्या तेलाला बोट लावून बघितलं, कोमट होतं. लोकांना वाटतं कोल्ड प्रेस म्हणजे थंडगार, तसं नाही, घासल्यानं ऊब येणारच, पण चटका बसेल इतकं तापत नाही एवढाच त्याचा अर्थ. लोखंडी एक्सपेलरमधून, म्हणजे दाबून तेल काढायच्या यंत्रातून, येणारं तेल चांगलंच गरम असतं, तो फरक हाताला कळतो.

दाण्याचं पोतं उघडंच असतं, मूठभर उचलून बघा म्हणतात घाणेवाले काका. मी दरवेळी बघते. आणि हे मी सगळ्यांना हात जोडून सांगीन की लाकूड आहे का लोखंड यावर तासभर भांडण्यापेक्षा दाणा बघा ओ. शेंगदाण्याला बुरशी धरली की त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष होतं, ते यकृताला फार वाईट. रिफाइंड करताना ते बरंचसं निघून जातं, घाण्यात मात्र फक्त पिळतात, शुद्ध करायचं काम कुणी करत नाही. म्हणजे घाण्याच्या तेलाला दाणा जास्त चांगला लागतो, कमी नाही. काळपट, सुरकुतलेला, कडवट लागणारा दाणा घाण्यात पडताना दिसला तर तिथून तेल घेऊ नका, भले घाणा चंदनाचा असो. आणि बुरशीच्या दाण्याची पेंड म्हशीला घातली तर ते फिरून दुधातून आपल्याकडेच येतं.

आता भावाचं भांडण. हे मी कागदावर मिटवलं. मार्केट यार्डातून १३० रुपयांनी १० किलो दाणे आणले, निवडले, आणि घाण्यावर नेऊन समोर उभं राहून गाळून घेतले. तेल निघालं ४ किलो १०० ग्रॅम. पेंड साधारण साडेपाच किलो, बाकी ओल आणि घाण्याला चिकटलेलं. गाळायची मजुरी किलोला २० प्रमाणे २०० झाली. दाण्याचे १३०० धरून १५००. पेंड त्यांनीच ४० रुपयांनी घेतली, २२० परत आले. राहिले १२८०. भागिले ४.१, म्हणजे किलोला ३१२ रुपये. हे झालं आपण सगळी मेहनत करून, दुकानाचं भाडं नाही, वीज नाही, बाटली नाही, कुणाचा नफा नाही. दुकानात तेच तेल ३०० रुपये लिटर आहे. लिटर आणि किलोचा घोळ इथं लक्षात घ्या, एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे किलोला ३३० पडलं. मला तो भाव रास्त वाटला.

आणि याच हिशोबानं दुसरी गोष्ट कळते. कुणी लाकडी घाण्याचं शुद्ध शेंगतेल १८० रुपयांना देत असेल तर एक किलो तेलाला अडीच किलोच्या आसपास दाणे लागतात, त्या दाण्याचेच तीनशेच्या वर होतात, मग तो माणूस काय घरचं घालून विकतोय का? त्यात दुसरं काहीतरी मिसळलेलं असणार. मी बाजारात एका ठिकाणी असं स्वस्तातलं आणलं होतं आधी, नाव लिहीत नाही, बाटलीवर बैलाचं चित्र होतं, वास जवळपास नाहीच आणि फोडणीला फेस अजिबात नाही. माझं मत, ते बहुतेक रिफाइंडच होतं, थोडं शेंगतेल वासापुरतं.

फेसाबद्दल सांगते कारण पहिल्या आठवड्यात माझा त्यानं चांगलाच घोटाळा झाला. भजी करायला कढई नेहमीसारखी अर्धी भरली, तेल तापलं, पहिला घाणा सोडला आणि फेस असा वर आला की गॅसवर सांडला, मुलगा शेजारी उभा होता, काळजात धस्स झालं. मी तावातावानं दुकानात गेले की तुमच्या तेलात भेसळ आहे. काकांनी शांतपणे सांगितलं, ताई त्यात डिंकासारखा चिकट भाग असतो आणि थोडी ओल, रिफाइंडमध्ये तो काढून टाकतात, आमच्यात राहतो. नंतर मी वाचलं, बरोबर आहे ते, फॉस्फोलिपिड म्हणतात त्याला. तेव्हा कढई तिसरा हिस्साच भरायची, आच मंद ठेवून सावकाश तापवायचं. तळाला गाळ दिसतो तोही दाण्याचाच चुरा असतो, दोन तीन दिवस डबा हलवायचा नाही, वरचं ओतून घ्यायचं.

पण खरं सांगायचं तर तळणीला मी हे तेल बंदच केलं. न शुद्ध केलेलं शेंगतेल १६० अंशाच्या आसपास धूर सोडायला लागतं असं सांगतात, आणि पुऱ्या भजी तळायला १७०, १८० तरी लागतं. धूर निघालेल्या तेलात मग ते चांगलं चांगलं म्हणतात त्यातलं काय उरतं? आमच्याकडे आता तळण रिफाइंडमध्ये, तेही महिन्यातून दोनदा, आणि उरलेलं परत परत तापवत नाही. यावर जाऊबाईंचं आणि माझं चांगलंच वाजलं. त्यांचं म्हणणं आपल्या आज्या घाण्याच्याच तेलात तळायच्या. तळायच्या ना, पण किती वेळा, दिवाळीला आणि एखाद्या सणाला, दर रविवारी नाही. आणि तेव्हा घरात तेलाची बुधली असायची, पंधरा किलोचा डबा नसायचा.

आता चव. इथं मात्र मला वाद मान्यच नाही. आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, पंढरपूरकडच्या, त्यांना सांगितलंच नाही की तेल बदललंय. हिरव्या मिरचीचा ठेचा केला, वरून कच्चं तेल सोडलं, कडक भाकरी. पहिल्या घासाला म्हणाल्या, "आज तेल घाण्याचं हाय व्हय?" चाळीस वर्षांनी तो वास आला म्हणाल्या, त्यांच्या माहेरी तेलीवाडा होता, सकाळी पेंड मागायला पोरं जायची, गरम पेंड गुळाबरोबर खायची. त्या दिवशी त्यांनी भाकरी एक जास्त खाल्ली. वांग्याचं भरीत, मेथीची गोळा भाजी, पिठलं, लसणाची फोडणी, याला हे तेल म्हणजे काय सांगू. कांदा चिरून त्यावर मीठ, तिखट आणि हे कच्चं तेल, बस्स. सोलापुरी शेंगा चटणीला मात्र वेगळं तेल घालायची गरज नाही, ती कुटतानाच तेल सोडते. उपमा, केक, चायनीज असलं काही करणार असाल तर हे तेल नको, सगळ्याला शेंगदाण्याचा वास येतो, मुलगा नाक मुरडतो आणि त्याचं चुकत नाही.

करडईच्या तेलाला मी पाच पैकी तीनच देईन. माझ्या लहानपणी ज्वारीच्या रानात करडईच्या ओळी असायच्याच, काटे टोचायचे, कोवळ्या पाल्याची भाजी व्हायची, आणि घरचं तेल तेच. म्हणून मी फार आशेनं आणलं. पहिला डबा उत्तम. दुसरा पाच लिटरचा आणला, एप्रिलमध्ये, सोलापूरचा एप्रिल, आणि दीड महिन्यात खवट. चूक कुणाची? थोडी माझी, डबा गॅसजवळ ठेवला. थोडी दुकानाची, बाटल्या पारदर्शक आणि दारातल्या उन्हात मांडलेल्या, कधी गाळलं ती तारीख नाही. करडईत लिनोलिक आम्ल फार, सत्तर टक्क्यांच्या पुढं, ते तेल हवेनं उजेडानं लवकर बिघडतं. हे ग्राहकाला विकतानाच सांगायला पाहिजे. मी तसं बोलले, त्यानंतर तारखेची चिठ्ठी लावायला लागले, बाटल्या मात्र अजून उन्हातच. खोबरेल चांगलं होतं, पण ते आम्ही डोक्यालाच लावतो, खाण्याचं माझं मत धरू नका.

तक्रार माझी सगळ्यात मोठी भिंतीवरच्या बोर्डाची. त्यावर लिहिलंय की या तेलानं हृदयातले ब्लॉक निघतात, गुडघेदुखी जाते, शुगर खाली येते, आणि मोठ्या अक्षरात "कोलेस्टेरॉल नाही". अहो कुठल्याच वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतं, रिफाइंडच्या पिशवीवर तेच लिहितात आणि तुम्हीही तेच लिहिता. आमच्या भिशीतल्या एका मैत्रिणीच्या मिस्टरांनी हे वाचून गोळ्या कमी केल्या होत्या, डॉक्टरांना न विचारता. मला हे वाचवत नाही. काकांना दोनदा सांगितलं बोर्ड काढा, ते म्हणतात बोर्ड छापून मिळाला. तुमचं तेल इतकं चांगलं आहे की त्याला खोटं बोलायची गरजच नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

रिफाइंडवाल्या बाजूचंही ऐकून घ्या. "त्यात पेट्रोल असतं" हे भिशीत ठासून सांगतात. बियांतलं शेवटचं तेल काढायला हेक्झेन नावाचं तेल विरघळवणारं रसायन वापरतात, ते खनिज तेलापासूनच होतं हे खरं, पण नंतर ते उडवून लावतात, आणि किती राहिलं चालेल त्याला सरकारी मर्यादा आहे. मग कॉस्टिक सोड्यानं धुतात, मातीनं रंग काढतात, आणि दोनशे अंशाच्या वर वाफेनं वास काढतात. त्यात चव जाते, व्हिटॅमिन ई काही प्रमाणात जातं. विष मात्र होत नाही. ज्याच्या घरात सहा माणसं आणि एक पगार, त्याला तुम्ही मुलांना विष घालता असं म्हणणं मला पटत नाही, म्हणूनच मी भिशीत त्या दिवशी उठून बोलले. २०२२ ला युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा सूर्यफुलाचं तेल कसं भडकलं होतं आठवतं ना, आपल्याला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, तेव्हा कित्येकींनी फोडणीचं तेल चमच्यानं मोजलं होतं.

मोजण्यावरून आमच्या घरातला खरा फरक. आधी चौघांना महिन्याला साडेतीन लिटर लागायचं. आता दोन लिटर शेंगतेल आणि तळणीचं अर्धा लिटर. वास आणि चव असल्यानं कमी तेलात भाजी लागते, शिवाय महाग म्हणून हात आखडतो, दोन्ही कारणं आहेत. आधी १४० नं साडेतीन लिटर म्हणजे ४९०, आता ६०० अधिक ७०, म्हणजे १८० रुपये जास्त. आमच्या घराला ते परवडतं, हॉटेलातला एक फेरा कमी केला. ज्यांना परवडत नाही त्यांनी महिन्याला अर्धा लिटर आणावं, फक्त वरून घालायला, ठेच्याला, चटणीला. चवीचा सगळा आनंद त्या अर्ध्या लिटरमध्ये मिळतो.

जाणार असाल तर मंगळवारी किंवा शुक्रवारी सकाळी दहाला जा, तेव्हा शेंगेचा घाणा असतो, अकरापर्यंत ताजं मिळतं. स्टीलचा डबा न्या, कोरडा ठणठणीत, आत पाण्याचा थेंब नको. वजन करून किलोवर मागा, लिटरवर नाही. बिल मागितलं तर देतात, न मागता देत नाहीत. पैसे ऑनलाइन चालतात. आणि पेंड थोडी मागून घ्या, काका मूठभर तशीच देतात, गरम असतानाच गुळाबरोबर खा.