जुना डिझेल ट्रक: पंप वाढवायचा की टर्बो बदलायचा?

यांत्रिक पंपाच्या (इंजिनात डिझेल सोडणारा, इलेक्ट्रॉनिक्स नसलेला पंप) जुन्या ट्रकमधून जास्त ताकद काढायचे दोन मार्ग आहेत. पंपातून डिझेल जास्त सोडायचं, किंवा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा) आणि इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी) सुधारून हवा जास्त भरायची. पहिल्याला फारसा खर्च येत नाही आणि फरक त्याच दिवशी पायाला जाणवतो, म्हणून बहुतेक जण तिथेच थांबतात. माझं मत उलट आहे. गाडी रोज लोड ओढत असेल तर आधी हवा, मग डिझेल. आणि या दोन्हींच्या आधी, इंजिन आपली मूळ ताकद तरी देतंय का, ते बघा.

ते बघणं सोपं आहे. गरम इंजिन आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न देता) ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर उलटं ठेवून द्या. थोडं थरथरलं तर हरकत नाही. उडून पडलं, सोबत धुराचा झोत आला, तर पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (सिलिंडरची आतली भिंत) घासलेत. अशा इंजिनाला ना पंप वाढवा ना टर्बो; आधी इंजिन खोलून, घासलेले भाग बदलून नव्याने बांधून घ्या. झाकण शांत राहिलं तर एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा), नोझल आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) या क्रमाने तपासा. कमिन्स कंपनीच्या 6बीटी या बारा व्हॉल्व्हच्या इंजिनात थंड असताना टॅपेटचा गॅप इनटेकला 0.25 आणि एक्झॉस्टला 0.51 मिलिमीटर लागतो. पंपाच्या ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची (जास्तीचं डिझेल परत सोडणारा व्हॉल्व्ह) स्प्रिंग थकली की पंपात डिझेलचा दाब टिकत नाही आणि पिकअप जातो. हा छोटा भाग कुणी बघतच नाही, आणि दोष पंपावर येतो. कित्येकदा एवढ्या कामातच चढावरचा एक गिअर वाचतो.

आता खरी तुलना. डिझेल इंजिन आत येणारी हवा अडवत नाही. अ‍ॅक्सिलरेटर फक्त डिझेल कमी-जास्त करतो. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त लागते, कारण फवारा हवेत मिसळायला वेळच मिळत नाही. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवलं की थोडी ताकद मिळते, पण बाकीचं काळा धूर आणि उष्णता होऊन बाहेर पडतं. धुरामुळे तपासणीत गाडी नापास होते. पण खरा शत्रू उष्णता आहे. एक्झॉस्टचं तापमान टर्बोच्या आधी मोजलं आणि ते लांब चढावर सलग 700 अंश सेल्सिअसच्या पुढे राहिलं, तर अ‍ॅल्युमिनियमचे पिस्टन फार काळ टिकत नाहीत. म्हणून कुठलाही मार्ग घ्या, पायरोमीटर (एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा) आणि बूस्ट गेज (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, म्हणजे बूस्ट, दाखवणारा) आधी बसवा.

पंप कोणता आहे यावरही बरंच ठरतं. बॉशच्या व्हीई रोटरी पंपाच्या डोक्यावर एक झाकण असतं. त्याखाली रबरी डायफ्रॅम, स्प्रिंग आणि एक शंकू. टर्बोचा बूस्ट वाढला की डायफ्रॅम शंकूला खाली दाबतो आणि बाजूची पिन त्याच्या उतारावर सरकून डिझेल वाढवते. शंकू मध्यापासून किंचित कललेला घडवलेला असतो, त्यामुळे तो नुसता फिरवला तरी बूस्टवरचं डिझेल बदलतं. हा बदल सौम्य आहे आणि परत फिरवता येतो. मागचा फुल-लोड स्क्रू (जास्तीत जास्त डिझेल किती जाईल ते ठरवणारा) मात्र जपून. तो आत घेतला की आयडलही चढतो, आणि अति घेतला तर पाय काढल्यावरही इंजिन खाली येत नाही. शिवाय हा पंप डिझेलवरच वंगण घेतो. पाणी किंवा कचरा शिरला की संपला. इनलाइन पंपाचा (प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा प्लंजर एका ओळीत असलेला पंप) कॅमशाफ्ट इंजिन ऑइलवर चालतो, तो जास्त सोसतो आणि डिझेलही जास्त देऊ शकतो. 1989 च्या डॉज रॅम या अमेरिकन पिकअपमध्ये 6बीटी व्हीई पंपासह 160 हॉर्सपॉवर देत होतं. 1994 पासून इनलाइन पी7100 पंप आला आणि 1996 मध्ये मॅन्युअल गिअरबॉक्सवर तेच 5.9 लिटरचं इंजिन 215 हॉर्सपॉवरवर गेलं. म्हणजे ब्लॉकमध्ये जागा आहे.

हवेचा मार्ग महाग, पण तो इंजिनाला थंड ठेवतो. एक बार बूस्टला टर्बोमधून निघणारी हवा शंभर अंशांच्या वर सहज जाते. इंटरकूलर ती थंड करतो, तेवढ्याच जागेत जास्त हवा मावते, धूर कमी होतो आणि एक्झॉस्टचं तापमानही उतरतं. गाडीला मुळात इंटरकूलर नसेल तर माझी पहिली खरेदी तीच असेल. टर्बो मोठा घेण्याचा मोह मात्र टाळा. मोठा टर्बो उशिरा बूस्ट देतो आणि भरलेली गाडी जागची उचलताना त्याच उशिरात धूर सोडते. टर्बो बदलण्याआधी होज आणि क्लॅम्पवर साबणाचं पाणी लावून गळती शोधा.

टायमिंग पुढे घेतल्यानेही, म्हणजे डिझेल थोडं लवकर फवारल्यानेही, ताकद वाढते आणि एक्झॉस्ट थंड होतो, पण सिलिंडरमधला दाब वाढून हेड गॅस्केटवर येतो. हे काम अंदाजाने नको, डायल गेज लावूनच.

हलका माल आणि सपाट रस्ता असेल तर शंकू थोडा फिरवणं पुरेसं आहे. घाट आणि पूर्ण लोड असेल तर इंटरकूलरचे पैसे बाजूला काढा, पंपाला नंतर हात लावा. दोन्ही बाबतीत क्लच प्लेटचा विचार आधीच करा. वाढलेला टॉर्क खालच्या आरपीएमवर येतो, आणि वरच्या गिअरमध्ये आरपीएम चढतोय पण वेग तिथेच आहे असं झालं तर प्लेट घसरायला लागलेली असते.