पावणेपाचची बस आहे का, ते आधी विचारा

नात पुण्यातल्या एका इंटरनॅशनल शाळेत आयबी डिप्लोमा, म्हणजे अकरावी-बारावीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम करते, अकरावीला आहे. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिला अजून तिथेच काढायचंय. त्यांच्या अभ्यासावर बोलायची माझी लायकी नाही. पण मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, त्यामुळे कुठेही गेलो तरी आधी वेळापत्रक बघतो. म्हणून हा अभिप्राय फक्त वर्गाबाहेरच्या उद्योगांचा.

माहितीपत्रकात क्लबांची रेलचेल आहे. रोबोटिक्स, नाटक, कुंभारकाम, फुटबॉल, वादविवाद, काय हवं ते. आता गाड्या बघा. तास सुटतात ३.१० ला, बस निघतात ३.२० ला आणि क्लब चालतात पावणेपाचपर्यंत. उशिराच्या बस फक्त मंगळवारी आणि गुरुवारी, त्याही बाणेर-औंध आणि हिंजवडीकडे. नाटक मात्र सोमवार-बुधवार! म्हणजे कर्वेनगरच्या पोरीला नाटक करायचं असेल तर घरी मोटार आणि ड्रायव्हर हवा, नाहीतर स्कूटरवाला रिकामा म्हातारा. आमच्याकडे दुसरी सोय आहे. नातीच्या वर्गात वारज्याची एक मुलगी आहे, गळा फार गोड. संगीत बुधवारी असतं आणि ती बुधवारी ३.२० च्या बसमध्ये बसलेली असते. फी दोघींची सारखीच.

ही कुरकुर बाजूला ठेवली तर नाटकाच्या क्लबला पैकीच्या पैकी. नात रंगमंचावर जात नाही, प्रकाशयोजना करते. तिथल्या सरांनी सुरुवातीचे कितीतरी दिवस नुसती केबल गुंडाळायला शिकवली. पीळ पडू न देता, एक वेढा सुलटा, एक उलटा. सूनबाईंना वाटलं, लाखांनी फी भरून हमाली शिकवतायत. मला सर तिथेच आवडले. आता ती घरातल्या ट्यूबलाइटकडे बघून नाक मुरडते.

एमयूएन म्हणजे संयुक्त राष्ट्रांची लुटुपुटीची सभा. त्याचे पैसे वेगळे, ब्लेझर वेगळा. निम्मी मुलं फोटोपुरती येतात, असं माझं मत. पण नातीच्या वाट्याला मंगोलिया आला आणि विषय होता समुद्रकिनारा नसलेल्या देशांची मालवाहतूक, तेव्हा मीही चष्मा लावून बसलो. मंगोलियाचा रूळ १५२० मिलिमीटर रुंद, चीनचा १४३५. सीमेवर प्रवासी डबे उचलून खालच्या चाकांचे सांगाडे बदलतात. समुद्रावर जायचं तर चीनमधलं त्यांचं मुख्य बंदर तिआनजिन. नातीला बोलायला दीड मिनिट मिळालं. आमची तयारी आठवडाभर चालली होती. ‘आबा, एवढं सगळं नाही बसणार,’ म्हणत तिने माझं अर्धं भाषण कापलं.

डिप्लोमात ‘कॅस’ नावाचा भाग सक्तीचा असतो. सर्जनशीलता, शारीरिक उपक्रम आणि सेवा, असं १८ महिने चालू ठेवायचं, त्यात किमान महिनाभराचा एक प्रकल्प. गुण नाहीत, पण हे पुरं केल्याशिवाय डिप्लोमा नाही. कल्पना उत्तम. शाळेत मात्र सेवेचे दोन प्रकार पाहिले. एक वृद्धाश्रमाची सहल: केक, गाणी, फोटो, दोन तासांत परत. माझ्या वयाच्या माणसांना असं कोणी दर्शन घ्यायला आलेलं आवडत नाही, हे एकदा लिहून ठेवतो. दुसरा प्रकार बारावीच्या दोघांनी सुरू केलेला. दर शनिवारी जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या मुलांबरोबर गोष्टी वाचायच्या. नातीचं मराठी वाचन तिथे सुधारलं, कारण ती अडखळली की चौथीतली पोरं हसतात. तरी दोन्हीकडची टिपणं संगणकावर चढवताना भाषा एकच, ‘मी खूप काही शिकले’. शिक्षकांनी हे वाक्य आल्या पावली परत पाठवायला हवं.

‘इंटरनॅशनल अवॉर्ड’ या तरुण मुलांच्या साहस-सेवा योजनेचा पहिला, कांस्य टप्पा मात्र चोख. ब्रिटनमध्ये १९५६ साली सुरू झालेली ही योजना, १४ वर्षं पुरी झाली की घेता येते. कांस्यला दोन दिवस, एक रात्र स्वतःच्या पायांवर. पालीहून राजगड चढायचा, चोर दरवाज्याने गुंजवण्यात उतरायचं, तिथे तंबू. ओझं, नकाशा, स्वयंपाक सगळं मुलांचं. शिक्षक मागे लांबून. खिचडी करपली म्हणे, तरी सगळ्यांनी खाल्ली. घरी हीच पोरगी पोळीचा काळा डाग नखाने काढते.

हाउस, वार्षिक संमेलन वगैरे इतर शाळांसारखंच. कपड्यांचं भाडं जास्त, एवढाच फरक.

बसचं मी लेखी कळवलं. नुसती तक्रार नव्हती, मार्गही आखून दिला: चांदणी चौक, कोथरूड डेपो, कर्वेनगर, वारजे, एक मिनीबस, सोमवार-बुधवार. उत्तर आलं, वाहतूक ठेकेदाराकडे आहे, सूचना पुढे पाठवली आहे. तोवर माझ्याकडून पाचपैकी तीन तारे. गाडी सुरू झाली तर चार. पाचवा वृद्धाश्रमाच्या केकमध्ये गेला.

प्रवेशासाठी जाल तेव्हा टेबलामागच्या बाईंना क्लब किती ते विचारू नका. सोमवारी पावणेपाचला फाटकाबाहेर उभे राहा आणि बसवाल्या काकांना विचारा, आता कुठली गाडी सुटणार.