झोपेच्या दवाखान्याला चार स्टार, एका रिटायर गार्डकडून

३४ वर्षं मी भुसावळला मालगाडीचा गार्ड होतो. २०२२ला रिटायर झालो. त्याच वर्षी रेल्वेनं आमचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं, पण घरात अजून कुणी तसं म्हणत नाही. रात्री दोनला कॉल बॉय, म्हणजे ड्युटीवर बोलवायला येणारा माणूस, दार वाजवायचा. वहीत सही करायची, डबा उचलायचा आणि निघायचं. कधी बडनेरा, कधी खंडवा, कधी इगतपुरी. रनिंग रूमच्या, म्हणजे गाडीवरच्या स्टाफच्या विश्रांतीच्या खोलीतल्या, खाटेवर शेजारी कुणी कितीही घोरो, पडल्या पडल्या झोप लागायची. रिटायर झालो, दार वाजायचं थांबलं, दोनची जाग काही थांबली नाही. पुढे पुढे तर दोनपर्यंत डोळाच लागेना.

गावातल्या एका डॉक्टरांनी झोपेसाठी अल्प्राझोलॅमची गोळी दिली होती, दहा दिवसांसाठी. मी ती दोन वर्षं खाल्ली. चूक माझी आणि ओळखीच्या मेडिकलवाल्याची, निम्मी निम्मी. शेवटी मुलगा जळगावच्या या दवाखान्यात घेऊन गेला.

मला वाटलं होतं, जास्त पॉवरची गोळी देतील. डॉक्टरांनी आधी अर्धा तास नुसतं विचारलं. घोरता का (याचं उत्तर बायकोनं दिलं, फार सविस्तर), झोपेत श्वास अडकतो का, रात्री पाय वळवळतात का, मन उदास असतं का, थायरॉइड तपासलाय का, चहा किती. चहा दिवसाला सात कप, शेवटचा रात्री नऊला. आठवड्यातून तीन रात्री आणि तीन महिन्यांच्या वर झोपेची अशी तक्रार चालली की तो जुनाट निद्रानाश, असं त्यांनी सांगितलं. माझा तर तीन वर्षांचा. गोळी एकदम बंद करायची नाही, म्हणाले. झोप आणखी उडते, फिट्ससुद्धा येऊ शकतात. ती त्यांनी पाव पाव करत कित्येक आठवड्यांत उतरवली.

खरं काम मात्र तिथल्या सायकॉलॉजिस्ट मॅडमचं. सीबीटी-आय म्हणतात त्याला, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार बदलून निद्रानाश घालवायचा, गोळीशिवाय. अमेरिकेतल्या फिजिशियन लोकांच्या संस्थेनं २०१६ मध्येच सांगून ठेवलंय की जुनाट निद्रानाशाला पहिला उपचार हा, गोळ्या नंतर. मॅडमनी एक तक्ता दिला: खाटेवर कधी गेलो, अंदाजे कधी झोप लागली, कितीदा जाग आली, कधी उठलो. मला हसूच आलं. अहो, गार्डचं जर्नल, म्हणजे गाडीच्या वेळांची नोंदवही, आयुष्यभर भरलंय! पहिल्या आठवड्याचा तक्ता असा नेला: २.१७ जाग, २.५४ पुन्हा जाग, ३.२६ पाणी.

मॅडमनी तो बघितला आणि म्हणाल्या, "काका, घड्याळ भिंतीवरून उतरवा."

रात्री घड्याळ बघायचंच नाही, सकाळी उठून अंदाजे लिहायचं. ज्या माणसानं कधी मिनिट चुकवलं नाही, त्याला अंदाजे लिहायला सांगतात! संपूर्ण उपचारात मला सगळ्यात जड हेच गेलं.

त्या तक्त्यातून हिशेब निघाला. नऊला आडवा होऊन साडेसहाला उठायचो, म्हणजे खाटेवर साडेनऊ तास. झोप जेमतेम पाच. म्हणजे खाटेवरच्या वेळातली बावन्न-त्रेपन्न टक्केच झोप. मॅडम म्हणाल्या, खाटेवरचा वेळच कापू. रात्री बारा ते साडेपाच, बस्स. दुपारची झोप बंद, खाटेवर पेपर-मोबाईल बंद, आणि झोप येत नसेल तर उठून दुसरीकडे बसायचं. झोप ८५ टक्क्यांच्या वर गेली की आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवून मिळणार.

झोप येत नाही म्हणून गेलो, तर जागायला सांगितलं! आणि तेही मे महिन्यात. बाराच्या आत कूलरसमोर जायची सोय नाही. मी गॅलरीत लाकडी खुर्चीवर, यार्डातल्या इंजिनांच्या शिट्या ऐकत. पहिले दोन आठवडे डोकं इतकं जड होतं की भाजीत मीठ आहे की नाही कळेना. स्कूटर चालवायची नाही असं आधीच बजावलं होतं, म्हणून जळगावला रेल्वेनंच जायचो. आणि बायको, माहेर अमळनेरचं, रोज सकाळी डोळे उघडायच्या आत विचारणार, "झोप उनी का तुमले?" मॅडमनी तो प्रश्नही बंद करायला लावला. झोपेची सारखी चौकशी केली की ती आणखी लांब पळते म्हणे. बायको पहिल्यांदाच कुणा डॉक्टरवर रागावली.

तिसऱ्या आठवड्यात पडल्या पडल्या झोप लागायला लागली. आता अकरा ते साडेपाच, साडेसहा तासांत पावणेसहा तास झोप, म्हणजे ८८ टक्के. मधूनच एखादी रात्र कोरी जाते. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून लवकर आडवं व्हायचं नाही, एवढं पाळतो.

आता एक स्टार का कापला. साडेदहाची वेळ देतात आणि साडेबाराला आत घेतात. दोन तास लेट, अनाउन्समेंट नाही. तक्ता इंग्रजीत, झेरॉक्सची झेरॉक्स, रकाने मुंगीएवढे. मी घरी पट्टीनं मराठीत आखून नेला, तर मॅडमनी त्याच्याच कॉप्या काढून घेतल्या. फी पहिल्यांदा ८००, पुढे दर वेळी ५००, मला सात वेळा जावं लागलं. शनिवारी गर्दी फार असते, बुधवारी जा. आणि वेटिंग हॉलमध्ये डुलकी घेऊ नका, रिसेप्शनवरची पोरगी मॅडमना सांगते.