टी ट्री तेलाची बाटली आणि तिच्या लेबलावरचा दावा

दहा मिलिलिटरची गडद तपकिरी काचेची बाटली, तोंडाशी थेंब थेंब पाडणारे बूच आणि लेबलावर ठळक अक्षरांत ‘प्रतिजैविकांना नैसर्गिक पर्याय’ हे शब्द. मी हे टी ट्री नावाच्या ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांपासून काढलेले तेल घेतले ते या शब्दांना भुलून नव्हे, तर पायाच्या बोटांच्या बेचक्यांत पुन्हा पुन्हा होणाऱ्या चिखल्यांसाठी. काही महिन्यांच्या वापरानंतर तेलाबद्दल माझे मत बरेचसे अनुकूल आहे, लेबलाबद्दल नाही.

एक भाग टी ट्री तेल तीन भाग साध्या तेलात मिसळून दिवसातून दोनदा लावले. पहिल्या आठवड्यात खाज थांबली आणि महिन्याभरात पांढरी, भिजल्यासारखी झालेली कातडी पूर्ववत झाली. २५ आणि ५० टक्के तीव्रतेच्या द्रावणांचा चिखल्यांवर उपयोग होतो, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही दिसले होते, तेव्हा यात नवल नाही. पण चिखल्या बुरशीमुळे होतात आणि बुरशीवर प्रतिजैविके मुळातच चालत नाहीत. त्यामुळे माझा चांगला अनुभव लेबलावरच्या दाव्याच्या बाजूने मोजता येत नाही.

जिवाणूंचे काय, हा खरा प्रश्न आहे. या तेलातले मुख्य द्रव्य टर्पिनेन-४-ऑल जिवाणूच्या पेशीपटलात शिरते, पटल गळके होते आणि आतले पोटॅशियम बाहेर पडू लागते. प्रयोगशाळेत हे स्वच्छ दिसते आणि त्यावरूनच असले दावे केले जातात. मात्र त्वचेवर संसर्ग करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूची वाढ रोखायला साधारण पाव ते अर्धा टक्का तेल लागते, म्हणजे मिलिलिटरमागे दोन ते साडेचार हजार मायक्रोग्रॅम. व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाचे याच जिवाणूसाठी बहुधा दोन मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी पुरतात. कातडीवर इतके तेल सहज लावता येते, रक्तात इतके कोण नेणार? हे तेल पोटात गेल्यास गुंगी येते, तोल जातो, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. स्यूडोमोनास एरुजिनोसासारखा जिवाणू तर आपल्या बाह्य आवरणामुळे आणि आत आलेले द्रव्य बाहेर फेकणाऱ्या पंपांमुळे या तेलाला फारसा दादच देत नाही.

औषधाशी थेट तुलनाही झालेली आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस नाकातून घालवण्यात म्युपिरोसिन हे प्रतिजैविक मलम ७८ टक्के रुग्णांत यशस्वी ठरले, टी ट्री क्रीम ४७ टक्के रुग्णांत. त्वचेवरून तोच जिवाणू काढण्यात मात्र टी ट्री क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकापेक्षा सरस ठरले. म्हणजे या तेलाची खरी बरोबरी जंतुनाशकांशी आहे आणि तिथे ते चांगलेच टिकते. लेबलावर ‘त्वचेसाठी जंतुनाशक’ एवढेच छापले असते तर मी एक शब्द बोललो नसतो.

दुसरी तक्रार साठवणीची. बाटलीचे बूच सैल होते आणि अर्धी बाटली संपेपर्यंत वासातला ताजा, कापरासारखा तिखटपणा जाऊन टर्पेंटाइनसारखा उग्र दर्प येऊ लागला. हवेने ऑक्सिडीकरण झालेले तेल त्वचेला ताज्या तेलापेक्षा अधिक झोंबते, हे ठाऊक असूनही मी ते लावले आणि घोट्यापर्यंत लाल पुरळ उठले. ती चूक माझी. तरीही तेल कधी काढले, बाटली उघडल्यावर ते किती दिवसांत वापरावे, टर्पिनेन-४-ऑलचे प्रमाण किती, यांतले काहीच लेबलावर नाही. या तेलासाठी आयएसओ ४७३० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याचाही उल्लेख नाही. आणि घरात मांजर असेल तर हे तेल तिच्यासाठी विषारी आहे, ही सूचना तरी असायलाच हवी होती.

पाचपैकी तीन तारे देतो. पुढची बाटली घेईन ती घट्ट बुचाची आणि घटकांचे प्रमाण छापलेली, आणि वापरेन फक्त पायांवर. ताप आला किंवा जखम चिघळली, तर बाटली कपाटातच राहील आणि मी डॉक्टरकडे जाईन.