रॅडिस आणि हायटेम्प: काही महिन्यांच्या वापरानंतर

तापलेल्या वायूंचे अवरक्त स्पेक्ट्रम (कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश येतो, त्याचे आलेख) गणिताने काढायला गेले काही महिने रॅडिस हे पायथनमधलं सॉफ्टवेअर वापरतोय. याहून जास्त ओळख करून देत बसत नाही. पायथन येत असेल तर पहिला आलेख चार ओळींत निघतो. आज लिहितोय, कारण कार्बन डायऑक्साइडची 4.3 मायक्रॉनची पट्टी ज्योतीच्या मोजमापावर अक्षरशः बसली, आणि ती कशामुळे बसली ते सांगण्यासारखं आहे.

असं गणित वायूंच्या वर्णरेषांच्या यादीवर चालतं; रेषा म्हणजे रेणू ज्या ठरावीक तरंगलांबीला प्रकाश शोषतो किंवा सोडतो ती जागा. सुरुवातीला मी हायट्रॅन या नेहमीच्या यादीवरच भागवत होतो. हायटेम्प हे तिचं तापलेल्या वायूंसाठीचं मोठं भावंड, पण ते डिस्क फार खातं. 2010च्या आवृत्तीत एकट्या पाण्याच्या वाफेच्या 11 कोटींहून जास्त रेषा आहेत, आणि जुन्या लॅपटॉपवर एवढा पसारा मला उधळपट्टी वाटायची. आता तसं वाटत नाही. साधारण 700 केल्व्हिनच्या पुढे हायटेम्प घ्या, असं रॅडिस बजावतंच; ते का, हे आकडा मांडला की कळतं. 5000 प्रति सेंमी (स्पेक्ट्रमवाले ऊर्जाही याच एककात मोजतात) ऊर्जेच्या पातळीसाठी बोल्ट्झमान गुणक, म्हणजे तेवढ्या ऊर्जेचे रेणू किती सापडतील याचं माप, 296 केल्व्हिनला अब्जांशाहूनही कमी येतो, 1500 केल्व्हिनला तोच साधारण 120त 1. खोलीच्या तापमानाला ज्या रेषा मोजायचीही गरज नसते, त्या ज्योतीत ठळक होतात. शिवाय त्या कमी तरंगांकाकडे, म्हणजे लांब तरंगलांबीकडे, सरकलेल्या असतात, म्हणून 4.4 मायक्रॉनपलीकडचं शेपूट बरंचसं त्यांचंच. हायट्रॅनवर ते शेपूट तुटकं निघतं, पण आलेख इतका स्वच्छ दिसतो की शंकाच येत नाही. आणि ज्योत लांबून बघायची असेल तर मधल्या हवेतला थंड कार्बन डायऑक्साइड पट्टीचा गाभा गिळून टाकतो, हाती उरतात दोन्ही कडा. तुटलेली कड नेमकी त्यातलीच.

वेग उत्तम. सारख्या रुंदीच्या रेषा एकत्र घेऊन फूरिये रूपांतराने पसरवण्याची 2021ची पद्धत जुन्या मशीनवरही कंटाळा आणत नाही. ग्रिडकडे, म्हणजे आलेखाचे बिंदू किती जवळजवळ घेता त्याकडे, मात्र लक्ष ठेवा. 2300 प्रति सेंमीजवळ, 1500 केल्व्हिनला कार्बन डायऑक्साइडच्या रेषेची डॉप्लर रुंदी (रेणूंच्या धावपळीमुळे येणारी) जेमतेम 0.01 प्रति सेंमी असते. कमी दाबावर 0.01ची पायरी ठेवलीत तर रेषेवर एखाद-दुसराच बिंदू पडतो.

आता माझी खरी चिडचिड: शेजारच्या रेणूंशी होणाऱ्या टकरींमुळे येणारी रेषांची रुंदी. हा दोष रॅडिसचा नाही, आपल्या सगळ्यांच्या माहितीचा आहे. यादीत रुंदी असते ती मुख्यतः हवेतली आणि स्वतःच्याच वायूतली, 296 केल्व्हिनची, सोबत तापमानाप्रमाणे ती किती बदलते हे सांगणारा एकच घातांक. ज्योतीत शेजारी असते पाण्याची वाफ, आणि तो एक घातांक 296पासून 1500पर्यंत ताणायचा! दोन घातांकांचं सूत्र 2018मध्ये मांडलं गेलंय, पण मी वापरतो त्या यादीत अजून एकच आहे.

वायूचा थर पातळ असेल तर हे विसरून जा. रेषेखालचं क्षेत्रफळ रुंदीवर अवलंबून नसतं. थर जाड झाला की रेषेचा मध्य प्लांकच्या मर्यादेला (त्या तापमानाला शक्य तेवढ्या कमाल उत्सर्जनाला) टेकतो आणि वाढ फक्त बाजूंना होते, साधारण रुंदीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. रुंदीत 20 टक्के चूक म्हणजे अशा सुट्या रेषेच्या एकूण उत्सर्जनात 10 टक्क्यांच्या आसपास फरक. भट्टीची उष्णता काढणाऱ्याला तो परवडत नाही.

हायटेम्प डिस्कवरून काढणार नाही. जाड थराचं प्रत्येक गणित रुंदी 20 टक्के वर-खाली करून पुन्हा चालवतो, आणि उत्तर एका आकड्यात न देता ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं देतो.