सात महिने ‘मास इफेक्ट लिजेंडरी एडिशन’ : काढलेले नियम आणि परत आणलेले नियम

‘मास इफेक्ट’ या अंतराळातल्या व्हिडिओ गेम मालिकेचे पहिले तीन भाग एकत्र करून २०२१ मध्ये आलेली लिजेंडरी एडिशन मी गेले सात महिने खेळत आहे. एकदा सोल्जर (बंदूकधारी) आणि एकदा व्हॅनगार्ड (शत्रूवर धडकणारा) हा क्लास, म्हणजे नायकाचा लढाऊ प्रकार, घेऊन तिन्ही भाग ओळीने पूर्ण केले. या मालिकेची ख्याती कथेसाठी आहे, पण २००७, २०१० आणि २०१२ चे भाग असे पाठोपाठ खेळले की मधल्या काळात कोणता नियम काढून टाकला आणि कोणता गुपचूप परत आणला, हे हाताला कळू लागते. माझे लक्ष या खेपेस तिथेच अधिक राहिले.

पहिल्या भागात बंदुकीला गोळ्या लागत नाहीत. ती तापते आणि निवेपर्यंत बंद पडते. मूळ आवृत्तीत नेम स्किल पॉइंटवर, म्हणजे कौशल्य वाढवायला मिळणाऱ्या गुणांवर, इतका अवलंबून होता की नवख्या शेपर्डच्या, म्हणजे नायकाच्या, हातात स्नायपर रायफल नुसती डोलत राही. नव्या आवृत्तीत ते डोलणे कमी झाले असून कोणत्याही क्लासला कोणतेही शस्त्र नीट वापरता येते. माको गाडीला वेगासाठी वेगळा बूस्ट मिळाला आहे, तरीही तिच्यासह उभ्या डोंगरावर चढण्याचा हट्ट मी सोडलेला नाही. खरा वैताग इन्व्हेंटरीचा, म्हणजे जवळच्या सामानाच्या यादीचा. तिची मर्यादा १५० वस्तूंची, आणि त्यांत एकाच बंदुकीचे पाच-सहा जवळपास सारखे नमुने. आता निरुपयोगी वस्तूंवर खूण करून त्या एकदम ओम्नी-जेल या खेळातल्या कामाच्या द्रव्यात वितळवता येतात, पण प्रत्येक मोहिमेनंतरची ही आवराआवर काही चुकत नाही.

दुसऱ्या भागाने त्यावर योजलेला उपाय रोगापेक्षा जालीम होता, कारण त्यात इन्व्हेंटरीच काढून टाकली, स्किलची यादी छाटली आणि तापमानाऐवजी थर्मल क्लिप, म्हणजे व्यवहारात गोळ्याच, मोजायला लावल्या. सर्व विशेष शक्तींचा कूलडाऊनही, म्हणजे शक्ती पुन्हा वापरता येण्यापूर्वीची प्रतीक्षाही, एकच केला. या काटछाटीतून लढाई मात्र सुधारली. कव्हर, म्हणजे भिंतीआडचा आडोसा, भरवशाचे झाले. शील्ड, बॅरियर आणि आर्मर या शत्रूच्या संरक्षक थरांपैकी प्रत्येकावर वेगळा उतारा असल्यामुळे सोबत कोणाला न्यायचे याचा मोहिमेपूर्वीच विचार करावा लागतो. माझी तक्रार वरच्या डिफिकल्टीविषयी आहे. तिथे किरकोळ शत्रूलाही संरक्षण असते, आणि ते उतरेपर्यंत पुल किंवा थ्रो या शत्रूला उचलणाऱ्या-फेकणाऱ्या शक्ती लागू पडत नाहीत, त्यामुळे त्या वापरण्याची वेळ येईपर्यंत तो बहुधा मेलेला असतो. खनिजांसाठी ग्रहांवर प्रोब टाकत बसण्याबद्दल न बोललेलेच बरे.

तिसऱ्या भागात वरवर साधा वाटणारा एक नियम आला : शस्त्रांना वजन मिळाले. कोणताही क्लास कोणतीही बंदूक बाळगू शकतो, पण ओझे वाढले की कूलडाऊन लांबतो आणि हलके राहिले तर शक्ती परत भरण्याच्या वेगात २०० टक्क्यांपर्यंत वाढ मिळते. माझ्या व्हॅनगार्डकडे एकच हलकी शॉटगन होती. चार्ज ही शक्ती वापरून शत्रूवर आदळायचे, त्या धडकेने आपला बॅरियर भरला की नोव्हा या स्फोटाच्या शक्तीने तो खर्चून टाकायचा, आणि तोवर पुढचा चार्ज तयार. हे चक्र एकदा जमले की कव्हरची आठवणही येत नाही. मग हौसेने पाठीवर एक जड असॉल्ट रायफल घेतली. पुढच्याच चकमकीत नोव्हानंतर चार्ज भरेपर्यंत मी तीन शत्रूंच्या मध्ये बॅरियरविना उभा होतो, आणि पुढे काय झाले असेल ते सांगायला नको. पहिल्या भागात जे स्किल पॉइंट ठरवत होते आणि दुसऱ्यात जे क्लासने बांधून टाकले होते, ते इथे खेळाडूच्या एका निर्णयावर आले. चौथ्या पायरीपासून प्रत्येक शक्तीला दोन फाटे फुटतात आणि शस्त्रांना मॉड, म्हणजे सुधारणेचे सुटे भागही लावता येतात, म्हणजे पहिल्या भागातली गुंतागुंत परतली, पसारा तेवढा परतला नाही.

दोष याही भागात आहेत. धावणे, लोळणे, कव्हर घेणे आणि पडलेल्या साथीदाराला उठवणे ही सगळी कामे एकाच बटणावर आहेत, त्यामुळे ग्रेनेड पाहून लोळायला जावे तर शेपर्ड इमानाने जवळच्या भिंतीला चिकटतो. जर्नलमध्ये किरकोळ कामे कुठवर आली याची नोंदच होत नाही.

मधल्या काळात याच मालिकेतला २०१७ चा ‘अँड्रोमेडा’ही खेळून पाहिला. उंच उडी मारू देणाऱ्या जंप जेटमुळे त्यातली हालचाल तिन्ही भागांपेक्षा मोकळी आहे, पण एका वेळी तीनच शक्ती हाताशी राहतात आणि साथीदारांनी कोणती शक्ती कधी वापरावी हे सांगता येत नाही. खेळ थांबवून तिघांचे डाव जुळवण्याची सवय लागलेल्या मला ते फार अडले. सध्या इन्सॅनिटी या सर्वांत कठीण पातळीवर अॅडेप्ट, म्हणजे पुल-थ्रोसारख्या शक्तींवर विसंबणारा क्लास, घेऊन पुन्हा पहिल्या भागापासून सुरुवात केली आहे. दुसऱ्या भागातल्या त्या शील्ड-आर्मरपुढे त्याची कशी दमछाक होते, ते पाहायचे आहे.